नाव, क्रमांक आणि अधिकार : युनिक्स परंपरेतील उपकरण-फाइलींचे व्यवस्थापन

संगणकाच्या कार्यप्रणालीवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमवर, दोन जबाबदाऱ्या एकाच वेळी येऊन पडतात. डिस्क, कळफलक, मायक्रोफोन, प्रिंटर अशी जी उपकरणे यंत्राला जोडलेली असतात ती प्रोग्रॅमना सहजपणे वापरता यावीत, ही पहिली. आणि ज्याचा ज्या उपकरणावर हक्क नाही त्याच्या हाती ते लागू नये, ही दुसरी. पहिली जबाबदारी पार पाडताना दुसरी ढिली पडते आणि दुसरीवर भर दिला की पहिली अडते, त्यामुळे या दोहोंचा मेळ कसा घालावा हा कार्यप्रणालींच्या रचनेतील एक मूलभूत प्रश्न आहे. युनिक्सने या प्रश्नाला दिलेले उत्तर मांडायला सोपे आहे: प्रत्येक उपकरणाला फाइलींच्या वृक्षात एक नाव द्यावे, आणि त्या नावावर इतर कोणत्याही फाइलीप्रमाणे मालकी व परवानग्या नोंदवाव्यात. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी, मॅकओएस आणि लिनक्सच्या कर्नलवर उभे असलेले अँड्रॉइड या सर्वांत ते उत्तर आजही टिकून आहे.

या उत्तराची घडण, त्याचा इतिहास आणि रोजच्या व्यवस्थापनातील त्याचा वापर हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय आहे. त्यामागचे प्रतिपादन असे की परवानगी नावावर लिहिली जाते, परंतु सत्ता त्या नावामागच्या उपकरणात असते; म्हणून उपकरण-फाइलीची परवानगी ठरवणाऱ्याने तिच्यावरील अक्षरे वाचून थांबू नये, तर त्या अक्षरांनी नेमके कोणते सामर्थ्य कोणाला, केव्हा आणि किती काळ मिळते हे पाहावे.

१. उगम

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये मल्टिक्स या महत्त्वाकांक्षी कार्यप्रणालीच्या प्रकल्पातून अंग काढून घेतले आणि त्याच वर्षी केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-७ या लहान संगणकावर एक नवी, आटोपशीर प्रणाली उभारायला सुरुवात केली. त्या पहिल्या रूपातही उपकरणांसाठी खास फाइली होत्या. प्रत्येक फाइलीची मूळ नोंद ज्या सारणीत ठेवली जाते त्या सारणीतील ओळीला आयनोड म्हणतात. पीडीपी-७ वर कोणते उपकरण हे आयनोडच्या आत लिहिलेले नसे, तर त्याच्या क्रमांकावरूनच ठरत असे, म्हणजे ठरावीक क्रमांकाचा आयनोड हा ठरावीक उपकरणाचा समजला जाई. प्रणाली पीडीपी-११ वर गेली, ३ नोव्हेंबर १९७१ रोजी तिची पहिली वापरपुस्तिका निघाली, आणि पुढे उपकरणाची ओळख आयनोडच्या आत नोंदवली जाऊ लागली.

जुलै १९७४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या नियतकालिकात रिची आणि टॉम्प्सन यांनी युनिक्सचा परिचय करून देणारा लेख प्रसिद्ध केला आणि त्यात या खास फाइलींचे तीन लाभ नोंदवले. फाइलीत लिहिणे आणि उपकरणाकडे माहिती पाठवणे या क्रिया शक्य तितक्या सारख्या होतात, हा पहिला. फाइलीचे नाव अपेक्षिणाऱ्या कोणत्याही प्रोग्रॅमला उपकरणाचे नाव देता येते, हा दुसरा. आणि फाइलींना जे संरक्षण लागू आहे तेच उपकरणांनाही आपोआप लागू होते, हा तिसरा. पहिल्या दोन लाभांची चर्चा भरपूर झाली, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला त्यांचे सुख रोज अनुभवायला मिळते. तिसरा लाभ मात्र गृहीत धरला गेला. वस्तुतः व्यवस्थापकाच्या दृष्टीने तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण त्यामुळे हार्डवेअरवरचा अधिकार कर्नलच्या पोटात दडून न राहता एका साध्या यादीत उघडपणे वाचता येऊ लागला. कर्नल म्हणजे कार्यप्रणालीचा तो गाभा, जो हार्डवेअरशी थेट बोलतो आणि बाकी सर्व प्रोग्रॅमवर नियंत्रण ठेवतो.

२. उपकरण-फाइलीची घडण

उपकरण-फाइलीत माहिती साठवलेली नसते. डिस्कवर तिने अडवलेली जागा म्हणजे केवळ तिचा आयनोड, आणि त्या आयनोडमध्ये फाइलीचा प्रकार, मालक, गट, परवानग्या व दोन क्रमांक एवढ्याच गोष्टी महत्त्वाच्या असतात. प्रकार दोन आहेत. ज्या उपकरणाशी बाइटांच्या अखंड प्रवाहाची देवाणघेवाण केली जाते, जसे टर्मिनल किंवा सीरियल पोर्ट, त्याची फाइल ‘कॅरॅक्टर’ प्रकारची असते. ज्याची साठवण ठरावीक आकाराच्या तुकड्यांत विभागलेली असते आणि कोणताही तुकडा हवा तेव्हा वाचता येतो, जसे डिस्क, त्याची फाइल ‘ब्लॉक’ प्रकारची असते. ‘एलएस’ या आज्ञेने सविस्तर यादी मागवली की ओळीच्या आरंभी पहिल्यासाठी ‘सी’ आणि दुसऱ्यासाठी ‘बी’ हे अक्षर दिसते, आणि एरवी जिथे फाइलीचा आकार छापला जातो तिथे स्वल्पविरामाने जोडलेले दोन क्रमांक दिसतात.

या क्रमांकांपैकी पहिल्याला मेजर आणि दुसऱ्याला मायनर म्हणतात. उपकरण चालवणारा कर्नलमधील भाग म्हणजे ड्रायव्हर कोणता, हे साधारणपणे मेजर क्रमांक सांगतो आणि त्या ड्रायव्हरच्या ताब्यातील नेमके कोणते उपकरण, हे मायनर क्रमांक सांगतो. लिनक्समध्ये लिहिलेले सर्व काही गिळून टाकणाऱ्या ‘/डेव्ह/नल’ या फाइलीचे क्रमांक १ आणि ३ आहेत, शून्यांचा न संपणारा प्रवाह देणाऱ्या ‘/डेव्ह/झिरो’चे १ आणि ५, तर पहिल्या एससीएसआय पद्धतीच्या डिस्कचे ८ आणि ०. लिनक्सने आरंभी या दोन्ही क्रमांकांसाठी प्रत्येकी ८ बिट राखले होते, म्हणजे जास्तीत जास्त २५६ मेजर आणि प्रत्येकी २५६ मायनर. मोठ्या यंत्रांवर शेकडो डिस्क जोडल्या जाऊ लागल्या तशी ही जागा अपुरी पडली आणि डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या आवृत्तीपासून मेजरसाठी १२ आणि मायनरसाठी २० बिट देण्यात आले.

यातून निघणारी गोष्ट साधी असली तरी दूरगामी आहे. कर्नल उपकरणाला क्रमांकावरून ओळखतो, नावावरून नाही. त्यामुळे एकाच क्रमांकाच्या अनेक फाइली वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या डिरेक्टरींत आणि वेगवेगळ्या परवानग्यांसह असू शकतात, आणि त्या सर्व एकाच उपकरणाकडे घेऊन जातात. एका घराला अनेक दरवाजे असावेत आणि प्रत्येकाला वेगळे कुलूप असावे, तशी ही स्थिती आहे; एका दाराचे कुलूप मजबूत केल्याने घर सुरक्षित होत नाही, दुसरे दार कोणी उघडे ठेवलेले नाही ना हेही पाहावे लागते.

३. नऊ बिटांचा अर्थ

१९७४ च्या लेखात वर्णन केलेल्या युनिक्समध्ये परवानग्यांसाठी सहा बिट होते: मालकासाठी वाचणे, लिहिणे व चालवणे हे तीन, आणि इतर सर्वांसाठी तेच तीन. पुढे मालक आणि इतर यांच्यामध्ये गट ही पायरी आली आणि आज परिचित असलेले नऊ बिट तयार झाले. कर्नल त्यांची तपासणी ठरलेल्या क्रमाने करतो. फाइल उघडू पाहणारा तिचा मालक असेल तर केवळ मालकाचे तीन बिट पाहिले जातात. मालक नसून गटाचा सदस्य असेल तर केवळ गटाचे. आणि दोन्ही नसेल तरच इतरांचे. यावरून असे दिसते की मालकाला नाकारलेली गोष्ट इतरांना दिलेली असली तरी मालकाला ती मिळत नाही. रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, आणि त्याला ही तपासणी अडवत नाही.

साध्या फाइलीच्या बाबतीत या बिटांचा अर्थ स्वयंस्पष्ट असतो, परंतु उपकरण-फाइलीच्या बाबतीत तो उपकरणागणिक बदलतो. ‘चालवणे’ या बिटाला येथे काही अर्थ नाही. ‘वाचणे’ म्हणजे डिस्कच्या बाबतीत तिच्यावरील प्रत्येक तुकडा पाहणे, मायक्रोफोनच्या बाबतीत खोलीतला आवाज ऐकणे, आणि कळफलकाच्या बाबतीत दाबली जाणारी प्रत्येक कळ टिपणे. शिवाय वाचणे-लिहिणे या दोन क्रियांत न बसणाऱ्या आज्ञा, जसे टर्मिनलचा वेग बदलणे किंवा सीडीचा ट्रे बाहेर काढणे, ‘आयओसीटीएल’ नावाच्या स्वतंत्र मार्गाने दिल्या जातात. त्यांपैकी कोणत्या आज्ञेसाठी कोणती परवानगी लागावी हे बरेचसे ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते. म्हणून उपकरण-फाइलीवर केवळ वाचण्याची परवानगी आहे याचा अर्थ उपकरणाच्या स्थितीत काहीच बदल करता येणार नाही, असा काढता येत नाही.

टर्मिनलचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. वापरकर्त्याने लॉगिन केले की त्याच्या टर्मिनलच्या फाइलीची मालकी त्याच्याकडे दिली जाते, गट ‘टीटीवाय’ असा ठेवला जातो आणि परवानगी सामान्यतः ६२० असते: मालकाला वाचणे व लिहिणे, गटाला केवळ लिहिणे, इतरांना काही नाही. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीच्या पडद्यावर निरोप पाठवणारी ‘राइट’ ही आज्ञा टीटीवाय गटाच्या अधिकाराने चालते, आणि ज्याला निरोप नको असतील तो ‘मेस्ग’ या आज्ञेने गटाचा तो एक बिट काढून टाकतो. जुन्या काळी हा लिहिण्याचा अधिकार गटाऐवजी सर्वांनाच दिलेला असे. त्यातला धोका असा की त्या काळातील काही टर्मिनले विशिष्ट नियंत्रक अक्षरे मिळताच पडद्यावरील मजकूर जणू वापरकर्त्यानेच टाइप केल्याप्रमाणे संगणकाकडे परत पाठवत. म्हणजे दुसऱ्याच्या पडद्यावर लिहिता येणे म्हणजे त्याच्या नावाने आज्ञा देता येणे. मधल्या गटामुळे लिहिण्याची वाट राहिली, परंतु ती नियंत्रक अक्षरे गाळणाऱ्या एका विश्वासू प्रोग्रॅमच्या हातून जाऊ लागली. अधिकार देताना तो थेट न देता मध्यस्थामार्फत द्यावा, हे सूत्र या लहानशा योजनेत पूर्णपणे दिसते.

४. सारखी अक्षरे, असमान सत्ता

‘/डेव्ह/नल’ या फाइलीवर सर्वांना वाचण्या-लिहिण्याची, म्हणजे ६६६ अशी परवानगी असते आणि ते योग्यच आहे, कारण तिथे लिहिलेले नाहीसे होते आणि तिथून वाचायला काही मिळत नाही. हीच तीन अंकी परवानगी डिस्कच्या फाइलीला दिली तर यंत्रावरील सर्व संरक्षण कोसळते. याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक फाइलीवरील परवानग्या फाइलप्रणाली सांभाळते, आणि फाइलप्रणाली डिस्कच्या वरच्या थरात असते. जो डिस्कचे तुकडे थेट वाचतो तो त्या थराच्या खालून जातो, त्यामुळे वर लिहिलेली कोणतीही परवानगी त्याच्या वाटेत येतच नाही. एक्सटी४ सारख्या फाइलप्रणालीची दुरुस्ती करण्यासाठी असलेल्या ‘डीबगएफएस’ या साधनाने, डिस्क वाचता येत असेल तर, पासवर्डांचे सांकेतिक रूप ठेवणारी फाइलही उघडता येते. म्हणूनच लिनक्सच्या अनेक वितरणांत डिस्कच्या फाइलींसाठी जो ‘डिस्क’ नावाचा गट असतो, त्यात एखाद्याला सामील करणे म्हणजे त्याला व्यवहारात रूटचे अधिकार देणे होय. गटाच्या नावावरून असे वाटते की काही साठवणुकीपुरतीच मुभा दिली आहे. प्रत्यक्षात सर्वस्व दिलेले असते.

यंत्राची स्मृती दाखवणाऱ्या ‘/डेव्ह/मेम’ या फाइलीची कथा अशीच आहे. जुन्या युनिक्समध्ये चालू प्रक्रियांची यादी देणारी ‘पीएस’ ही आज्ञा कर्नलच्या स्मृतीतून थेट माहिती वाचत असे आणि त्यासाठी तिला ‘केमेम’ या खास गटाचा अधिकार दिलेला असे. यादी पाहण्यासारख्या निरुपद्रवी कामासाठी यंत्राच्या स्मृतीतील सर्व गुपिते वाचू शकणारा प्रोग्रॅम प्रत्येकाच्या हाती द्यावा लागणे, ही विसंगती होती. पुढे ‘/प्रॉक’ या डिरेक्टरीतून प्रक्रियांची नेमकी तेवढीच माहिती मिळू लागली आणि लिनक्समध्ये ‘पीएस’ला त्या अधिकाराची गरजच उरली नाही. पडदा रंगवणाऱ्या एक्स सर्व्हरचेही तसेच झाले: तो ग्राफिक्स कार्डाला थेट हात घालत असल्याने वर्षानुवर्षे रूटच्या अधिकाराने चालवावा लागे, आणि पडद्याची मांडणी करण्याचे काम कर्नलने स्वतःकडे घेतल्यानंतरच तो साध्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवणे शक्य झाले. आधुनिक लिनक्समध्ये ‘/डेव्ह/मेम’मधून मुख्य स्मृती वाचण्यावर कर्नलची बांधणी करतानाच बंधन घालता येते, आणि बहुतेक वितरणे ते घालतात.

कळफलक व माउस यांच्या घटना ‘/डेव्ह/इनपुट’ या डिरेक्टरीतील फाइलींतून वाहतात. खेळाचा कंट्रोलर चालत नाही म्हणून एखादा वापरकर्ता स्वतःला ‘इनपुट’ गटात सामील करून घेतो, तेव्हा कंट्रोलर चालू लागतो, पण त्याच क्षणी त्याच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला यंत्रावर टाइप होणारा प्रत्येक पासवर्ड वाचण्याची मुभा मिळते. एका उपकरणाची गरज भागवण्यासाठी उपकरणांच्या एका अख्ख्या वर्गाचा अधिकार दिला गेला, हा येथील मूळ दोष आहे.

५. निर्मितीचा अधिकार

क्रमांक माहीत असले की नवी उपकरण-फाइल बनवता येते. ‘मेकनोड’ ही आज्ञा त्यासाठीच आहे. ती कोणालाही वापरता आली असती तर वरील सर्व चर्चा निरर्थक ठरली असती, कारण वापरकर्त्याने आपल्याच डिरेक्टरीत डिस्कच्या क्रमांकांची फाइल बनवून तिच्यावर स्वतःला हवी ती परवानगी लिहिली असती. म्हणून उपकरण-फाइल बनवण्याचा अधिकार केवळ रूटकडे, आणि लिनक्समध्ये अधिक नेमकेपणाने ‘कॅप मेकनोड’ या स्वतंत्र अधिकाराकडे, राखलेला असतो.

परंतु फाइल दुसऱ्या यंत्रावर बनवून आणली तर काय, हा प्रश्न उरतो. ज्याच्या घरच्या संगणकावर तो स्वतःच रूट आहे, तो पेनड्राइव्हवर हवी ती उपकरण-फाइल बनवून ती सर्वांना खुली ठेवू शकतो आणि मग तो पेनड्राइव्ह सामायिक यंत्राला लावू शकतो. यावरचा उपाय ‘नोडेव्ह’ हा आहे: फाइलप्रणाली जोडताना हा पर्याय दिला की तिच्यावरील उपकरण-फाइलींना उपकरण म्हणून मानण्यास कर्नल नकार देतो. बाहेरून येणारे माध्यम, नेटवर्कवरून जोडलेली साठवण आणि वापरकर्त्यांच्या घर-डिरेक्टरी यांवर हा पर्याय असणे हे काळजीपूर्वक केलेल्या व्यवस्थापनाचे लक्षण आहे. केवळ वाचण्यासाठी जोडलेल्या फाइलप्रणालीवर उपकरण-फाइल असेल तर तिच्यातून उपकरणावर लिहिणे थांबत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. कारण लिहिणे त्या फाइलीत होत नसून तिच्यामागच्या उपकरणावर होत असते.

६. ‘/डेव्ह’ कोणी भरावी?

उपकरण-फाइली जिथे असतात ती ‘/डेव्ह’ दीर्घकाळ डिस्कवरची एक साधी डिरेक्टरी होती आणि ‘मेकडेव्ह’ नावाची स्क्रिप्ट ती एकदाच भरून ठेवत असे. पुढे-मागे जोडले जाऊ शकेल अशा प्रत्येक उपकरणासाठी आधीच फाइल बनवावी लागत असल्याने तिच्यात हजारो नावे असत आणि त्यांपैकी बहुतेकांमागे प्रत्यक्ष उपकरण नसे. यूएसबीचा प्रसार झाला, उपकरणे चालू यंत्राला जोडली आणि काढली जाऊ लागली, आणि ही स्थिर यादी वास्तवाशी जुळेनाशी झाली.

लिनक्सच्या २.४ मालिकेत रिचर्ड गूच यांची ‘डेव्हएफएस’ ही योजना होती, जिच्यात कर्नल स्वतःच प्रत्यक्ष असलेल्या उपकरणांची नावे दाखवत असे. तिच्यावरचा मुख्य आक्षेप असा होता की नाव कोणते असावे आणि परवानगी कोणाला असावी हे धोरणाचे प्रश्न आहेत, आणि धोरण कर्नलच्या आत कोरलेले नसावे. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ‘यूडेव्ह’ मांडले. त्यात कर्नल केवळ उपकरण आल्याची वर्दी देतो आणि त्याचे गुणधर्म ‘सिसएफएस’ या फाइलप्रणालीतून उघड करतो. नाव, मालक, गट आणि परवानगी हे सर्व कर्नलबाहेरचा एक प्रोग्रॅम व्यवस्थापकाने लिहिलेल्या नियमांवरून ठरवतो. डेव्हएफएस २००६ मध्ये कर्नलमधून काढून टाकण्यात आले. २००९ च्या डिसेंबरमध्ये २.६.३२ या आवृत्तीत आलेल्या ‘डेव्हटीएमपीएफएस’ने फाइली बनवण्याचे मूळ काम पुन्हा कर्नलकडे नेले, म्हणजे यंत्र सुरू होत असतानाच त्या स्मृतीत तयार मिळू लागल्या, परंतु परवानग्यांचे धोरण यूडेव्हकडेच राहिले. २०१२ मध्ये यूडेव्ह सिस्टमडी या प्रकल्पात विलीन झाले.

फ्रीबीएसडीने २००३ मधील ५.० आवृत्तीपासून स्वतःची डेव्हएफएस फाइलप्रणाली प्रमाण मानली आणि तिच्या परवानग्यांसाठी वेगळी नियमफाइल ठेवली, तर ओपनबीएसडीने मेकडेव्ह स्क्रिप्टच कायम ठेवली. या भिन्न मार्गांतून एकच गोष्ट अधोरेखित होते: उपकरण ओळखणे हे कर्नलचे काम आहे, परंतु ते कोणाच्या हाती द्यावे हा निर्णय यंत्राची जबाबदारी वाहणाऱ्या माणसाचा आहे.

७. हक्क कोणाचा : सदस्याचा की समोर बसलेल्याचा?

गटांवर आधारलेली व्यवस्था सदस्यत्व पाहते. ध्वनीच्या उपकरणांसाठी ‘ऑडिओ’, सीरियल पोर्टसाठी डेबियनमध्ये ‘डायलआउट’ आणि आर्च लिनक्समध्ये ‘यूयूसीपी’, असे गट असतात आणि जो सदस्य आहे त्याला उपकरण मिळते. सर्व्हरसाठी आणि ठरावीक सेवांसाठी ही व्यवस्था पुरेशी आहे. परंतु अनेक जण वापरत असलेल्या टेबलावरच्या संगणकावर तिच्यात एक उणीव राहते: ऑडिओ गटाचा सदस्य दूरच्या गावातून नेटवर्कद्वारे लॉगिन करूनही मायक्रोफोन उघडू शकतो आणि त्या क्षणी यंत्रासमोर बसलेल्या व्यक्तीचे बोलणे ऐकू शकतो. येथे हक्क सदस्यत्वाने ठरू नये, उपस्थितीने ठरावा, ही अपेक्षा रास्त आहे.

ही जाणीव नवी नाही. सोलारिसमधील ‘लॉगिनडेव्हपर्म’ आणि ओपनबीएसडीमधील ‘एफबीटॅब’ या फाइलींत अशी नोंद करता येते की यंत्राच्या मुख्य कन्सोलवर जो लॉगिन करील त्याच्या नावे अमुक उपकरणांची मालकी व्हावी. लिनक्समध्ये आज हे काम सिस्टमडीचा ‘लॉगिनडी’ हा भाग करतो. यूडेव्हच्या नियमात उपकरणाला ‘यूअ‍ॅक्सेस’ अशी खूण केलेली असली, तर यंत्रासमोर ज्याचे सत्र सक्रिय आहे त्या वापरकर्त्याचे नाव त्या उपकरणाच्या एसीएलमध्ये, म्हणजे नऊ बिटांपलीकडच्या सविस्तर परवानगी-यादीत, घातले जाते आणि सत्र बदलले की काढले जाते. अशी यादी असलेल्या फाइलीच्या परवानगीपुढे ‘एलएस’ अधिकचे चिन्ह दाखवते. ते चिन्ह दिसत असताना केवळ नऊ बिट वाचून निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

तथापि येथे युनिक्सच्या मूळ रचनेतील एक वैशिष्ट्य आडवे येते. परवानगीची तपासणी फाइल उघडताना होते, त्यानंतरच्या प्रत्येक वाचनाच्या वेळी नाही. म्हणून ज्याने हक्क असताना उपकरण उघडून ठेवले, त्याचा हक्क नंतर काढून घेतला तरी उघडलेली वाट त्याच्याकडे राहते. बीएसडी परंपरेतील ‘रिव्होक’ ही सुविधा अशी उघडी वाट बंद करते, आणि लिनक्समध्ये कळफलक-माउस यांच्या बाबतीत तशी सोय २०१३ मध्ये आली; त्या सोयीच्या आधारे लॉगिनडी स्वतः उपकरण उघडून वापरकर्त्याच्या पडदा-प्रोग्रॅमकडे सोपवतो आणि सत्र मागे गेले की ते निकामी करतो. परवानगी देण्याइतकेच ती परत घेता येणे महत्त्वाचे आहे, हे या प्रदीर्घ दुरुस्तीतून स्पष्ट होते.

८. नकार मिळाल्यावर काय करावे?

अभियांत्रिकीचा विद्यार्थी आर्डुइनोसारखा बोर्ड लिनक्सच्या यंत्राला पहिल्यांदा जोडतो, तेव्हा बहुधा ‘परमिशन डिनाइड’ हा संदेश त्याच्या पुढ्यात येतो आणि ‘सीएचमॉड’ ही आज्ञा देऊन फाइल सर्वांना खुली करावी, असा सल्ला त्याला लगेच मिळतो. हा सल्ला दोन कारणांनी चुकीचा आहे. पहिले असे की तो टिकत नाही: उपकरण काढून पुन्हा जोडले, किंवा यंत्र पुन्हा सुरू केले, की फाइल नव्याने बनते आणि परवानगी पूर्ववत होते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे: गरज एका माणसाची असताना अधिकार यंत्रावरील प्रत्येक प्रक्रियेला दिला जातो. संपूर्ण प्रोग्रॅम रूट म्हणून चालवणे हा तर त्याहून वाईट मार्ग आहे, कारण त्यात एका फाइलीसाठी सर्व फाइलींचा अधिकार दिला जातो.

योग्य मार्ग थोडा लांबचा वाटला तरी एकदाच चालावा लागतो. प्रथम फाइलीचा मालक, गट आणि परवानगी वाचावी. गट अस्तित्वात असेल आणि त्याचे सामर्थ्य मर्यादित असेल, जसे सीरियल पोर्टचे असते, तर वापरकर्त्याला त्या गटात घालावे आणि त्याने पुन्हा लॉगिन करावे, कारण गटांची यादी सत्राच्या आरंभी ठरते. असा गट नसेल तर ‘यूडेव्हएडीएम’ या आज्ञेने उपकरणाचे गुणधर्म पाहावेत आणि उत्पादकाचा व उपकरणाचा क्रमांक जुळवणारा नियम ‘/ईटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी’ या डिरेक्टरीत लिहावा. नियमात दुहेरी बरोबर-चिन्ह तुलनेसाठी आणि एकेरी चिन्ह मूल्य देण्यासाठी असते. या दोहोंची गल्लत झाली की नियम भलत्याच उपकरणांना लागू होतो. नियमफाइली नावांच्या क्रमाने वाचल्या जातात आणि समोर बसलेल्या वापरकर्त्याला अधिकार देण्याची प्रक्रिया ७३ या क्रमांकाने सुरू होणाऱ्या फाइलीत घडते, म्हणून यूअ‍ॅक्सेसची खूण करणाऱ्या नियमाचा क्रमांक त्याहून लहान असावा लागतो. ९९ क्रमांकाच्या फाइलीत तीच खूण लिहून ती लागू न झाल्याने अनेकांचा वेळ वाया जातो.

नेमकेपणाचे एक उत्तम उदाहरण पासवर्डाऐवजी वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा-किल्ल्यांचे आहे. या यूएसबी किल्ल्या ‘एचआयडीरॉ’ या प्रकारच्या फाइलींतून दिसतात, पण कळफलकही त्याच प्रकारच्या फाइलींतून दिसतात. तो संपूर्ण प्रकार वापरकर्त्याला खुला केला तर किल्ली चालेल आणि कळफलकही उघडा पडेल. म्हणून सिस्टमडीमधील नियम उपकरणाने स्वतःबद्दल दिलेले वर्णन वाचतो, ते सुरक्षा-किल्लीचे आहे अशी खात्री झाली तरच त्या एका फाइलीला खूण करतो, आणि बाकी सर्व बंद ठेवतो. गरजेइतकाच अधिकार द्यावा हे तत्त्व पुष्कळदा सांगितले जाते. ते प्रत्यक्षात कसे आणावे याचा हा नमुना आहे.

९. मर्यादा आणि निष्कर्ष

उपकरणाला फाइल मानण्याची कल्पना सर्वत्र पोचली नाही, हेही नमूद केले पाहिजे. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाला ‘/डेव्ह’मध्ये नाव नाही, १९८३ च्या ४.२ बीएसडीपासून रूढ झालेल्या सॉकेट या वेगळ्या व्यवस्थेतून ते वापरले जाते आणि त्याचे अधिकारही वेगळ्या मार्गाने ठरतात. उलट बेल प्रयोगशाळेतच पुढे घडलेल्या प्लॅन ९ या प्रणालीने नेटवर्कलाही फाइलींच्या वृक्षात आणले. आजच्या कंटेनरच्या व्यवस्थेत, जिथे एकाच कर्नलवर अनेक सेवा एकमेकींपासून वेगळ्या ठेवल्या जातात, तिथे केवळ फाइलीवरील नऊ बिट पुरत नाहीत. कोणत्या क्रमांकाची उपकरणे उघडता यावीत याची स्वतंत्र यादी लिनक्सची ‘सीग्रुप’ ही व्यवस्था पाळते. ती यादी नाव न पाहता क्रमांक पाहते, म्हणजे दार कोणतेही असले तरी घर एकच हे ओळखते. कंटेनरला सर्वाधिकार देणारा पर्याय वापरला की हे कुंपण नाहीसे होते, आणि म्हणून सोयीखातर तो वापरणे हे डिस्कच्या फाइलीला ६६६ देण्याच्याच जातीचे काम आहे.

या सर्व विवेचनातून व्यवस्थापकासाठी चार प्रश्न निघतात. या फाइलीमागे कोणते सामर्थ्य आहे? त्याच उपकरणाकडे नेणारी दुसरी वाट कुठे आहे? हा अधिकार सदस्यत्वाने द्यायचा की उपस्थितीने? आणि तो परत घेता येईल का? नऊ बिटांत या प्रश्नांची उत्तरे लिहिलेली नसतात, परंतु त्या बिटांमुळेच हे प्रश्न विचारता येतात. हार्डवेअरवरची सत्ता कोणाकडे आहे हे कोणत्याही जिज्ञासू वापरकर्त्याला एका साध्या आज्ञेने वाचता यावे, ही युनिक्सच्या कर्त्यांनी दिलेली देणगी आहे, आणि जी सत्ता वाचता येते तिच्याबद्दल जाब विचारता येतो. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमांत परवानग्या बहुधा आकड्यांचे कोष्टक म्हणून शिकवल्या जातात. त्या अधिकाराच्या वाटपाचा विचार म्हणून शिकवल्या गेल्या, तर नकाराचा संदेश दिसताच सर्वांना सर्व काही खुले करण्याची सवय मोडेल आणि ज्याला जितके हवे तितकेच देण्याची शिस्त तिची जागा घेईल.